पुस्तकं कुलपात अन् पोट्टे बाहेर, गोडी लागणार कशी?

पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात द्विशिक्षकी शाळेवर नवीनच लागलेल्या एका मॅडमनी विचारलंय. थोडक्यात असं, की त्या सहावीत असताना त्यांच्या मराठीच्या मॅडम शनिवारी आपल्या पिशवीतून एखादं पुस्तक काढून यांच्या हातात द्यायच्या, त्यातून जी वाचायची सवय लागली ती आजपर्यंत सुटली नाही, शिक्षक व्हायचं तेही तिथूनच डोक्यात बसलं. आता स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर मात्र काही जमेना. पहिली ते चौथी मिळून तीसेक पोरं, निम्मी कोलाम अन् बंजारा घरातली. कपाटात पुस्तकं आहेत पण कपाटाला कुलूप, मुख्याध्यापक म्हणतात हरवलं तर भरणार कोण, आईबाप म्हणतात आधी शाळेचं पुस्तक तर वाचू द्या, आणि पोरांना कधी पुस्तक दिलंच तर चित्रं पाहून परत ठेवून देतात. "माझ्या मॅडमना जे जमलं ते मला का जमत नाही?" असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

मॅडम, मी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांवरच काढली, दारव्हा, दिग्रस, आर्णी हा पट्टा, बहुतेक ठिकाणी दोन मास्तर अन् चार वर्ग, त्यामुळे तुमची शाळा मला न पाहताच दिसून राहिली. आधी एक सांगतो म्हणजे तुमचं निम्मं टेन्शन जाईल. तुमच्या मॅडमनी तुम्हाला पुस्तक दिलं तेव्हा तुम्ही सहावीत होत्या आणि तुम्हाला धडधड वाचता येत होतं. म्हणजे वाचता येण्याचं काम तुमच्या गावातल्या कोण्या मास्तरनं चार वर्षं घासून आधीच करून ठेवलं होतं, त्याचं नाव तुम्हाला आठवतही नसेल. तुमच्या हातातली पोरं पहिली ते चौथीची आहेत. वाचता येणं हे एक काम अन् वाचावंसं वाटणं हे दुसरं, तुमच्यावर दोन्ही एकदम पडलीत म्हणून जड जातंय. आणि त्या मॅडमनी वर्गातल्या चाळीसही पोरांना पुस्तकं दिली असतील का? मला नाही वाटत. तीन-चार पोरं त्यांनी हेरली असतील, त्यात तुम्ही एक. जमलं तर त्यांना फोन लावा अन् आभार-बिभार नंतर माना, आधी हे विचारा की पुस्तकं आणायच्या कुठून, पैसे कोणाचे, कोणत्या पोराला कोणतं द्यायचं हे ठरवायच्या कशावरून, अन् किती परत आलीच नाहीत. पोराला पुस्तक हातात पडल्याचा तो एक क्षण आठवते, त्याच्यामागची खटपट कोणालाच दिसत नाही, आणि तुम्हाला आता लागणार आहे ती खटपटच.

माझ्याही वाट्याला असे एक गुरुजी आले. सत्तरचं दशक, दारव्ह्याजवळचं खेडं. गुरुजी शकुंतलेनं यायचे, म्हणजे ती यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी गाडी, तिला १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन होतं आणि ती इतकी हळू चालायची की गुरुजींचं येताना अर्धं अन् जाताना अर्धं पुस्तक वाचून व्हायचं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ ला सुरू झालं, ते अन् चांदोबा ते दारव्ह्याहून घेऊन यायचे. शाळेला पैसे नव्हते, त्यांच्याच खिशातून. पण खिशाचं सोडा, त्यांनी जे तीन-चार उद्योग केले ते मी पुढं नोकरीभर उचलले, अन् त्यातला एकही महाग नाही.

पहिला म्हणजे ते रोज वाचून दाखवायचे. दुपारची जेवणाची सुट्टी संपली की पंधरा-वीस मिनिटं. पोरं उन्हातून येऊन बसलेली, काही पेंगलेली, तेव्हा गणित घेऊन तसाही काही फायदा नसते. गोष्ट ऐन रंगात आली की ते पुस्तक बंद नाही करायचे, तसंच उघडं, पालथं टेबलावर ठेवायचे अन् "मी जरा हजेरी पुरी करतो" म्हणून व्हरांड्यात जाऊन बसायचे. आता सांगा, पुढं काय झालं ते माहीत नाही, पुस्तक दोन हातांवर पडलेलं अन् मास्तर बाहेर. ज्याला वाचता यायचं तो उठायचाच, बाकीचे त्याच्याभोवती, अन् तो अडखळत का होईना मोठ्यानं वाचायचा. गुरुजी हे मुद्दाम करायचे हे मला डीएडला गेल्यावर कळलं.

तुम्ही हे उद्यापासून करू शकता. फक्त एवढं पहा की जे वाचायचं ते आदल्या दिवशी स्वतः एकदा वाचून ठेवा, नाहीतर ऐन मोक्याला जोडाक्षरावर आपलीच गाडी अडते. खाली सतरंजीवर पोरांत बसा, पुस्तकाचं तोंड पोरांकडं, चित्र सगळ्यांना दिसलं पाहिजे. मध्येमध्ये थांबून प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसू नका, गोष्टीचा भुगा होतो. अडलेला शब्द आवाजातून अन् चित्रातून निम्मा कळतो, उरलेला कोणी विचारला तर सांगा. आणि पोरं म्हणाली "कालचीच वाचा" तर कालचीच वाचा. मोठ्या माणसाला कंटाळा येतो, पोराला नाही. चौथ्यांदा ऐकताना ते पोरगं तुमच्याआधी वाक्य म्हणायला लागते, अन् एक दिवस पानावर बोट ठेवून म्हणते, तो म्हणजे त्याच्या वाचनाचा खरा मुहूर्त. मार्चपासून सकाळची शाळा लागली की ही वेळ पहिल्या तासाला आणा, साडेदहानंतर आपल्याकडं कोणाच्याच अंगात जीव राहत नाही.

दुसरा उद्योग कपाटाचा, अन् इथंच बहुतेक शाळा अडतात.

आपल्याकडं शाळेत पुस्तकं नाहीत असं आता फारसं नसते. १९८७ च्या खडू-फळा योजनेत पहिल्यांदा खेड्यातल्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या आल्या, नंतर सर्व शिक्षा अभियान आलं, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, त्यात वर्तमानपत्र, मासिकं अन् गोष्टीची पुस्तकं पाहिजेत, असं स्वच्छ लिहिलंय. तरी पुस्तक पोरापर्यंत जात नाही त्याचं कारण वाचनाची आवड-बिवड काही नाही, कारण आहे नोंदवही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या रजिस्टरात, एकदा पुस्तक चढलं की ते मुख्याध्यापकाच्या मानगुटीवर बसते. बदलीच्या वेळी चार्ज देताना तीन पुस्तकं कमी भरली की खालीवर पाहणारे सतरा जण. मग माणूस काय करते, कुलूप लावते. तुमच्या सरांना दोष देऊ नका, त्यांच्या जागी मीही होतो तेव्हा पहिला विचार कुलपाचाच आला होता.

याला भाषण देऊन उपयोग नाही, कागद करावा लागते. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या मिटिंगमध्ये विषय घ्या. ठराव असा, की शाळेतली वाचनाची पुस्तकं मुलांना घरी दिली जातील, वापरून फाटलेली अन् हरवलेली पुस्तकं वर्षाच्या शेवटी समितीसमोर ठेवून त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव वर पाठवला जाईल. समितीत पाऊण लोक पालकच असतात, कोणी नाही म्हणत नाही. इतिवृत्तात तो ठराव आला की तुमच्या सरांच्या हातात कागद आला, अन् कागद आला की नव्वद टक्के मुख्याध्यापक चावी देतात. केंद्रप्रमुख आले की त्यांनाही तो दाखवून ठेवा.

मग पुस्तकं बाहेर काढा. कपाटात पुस्तकाची पाठ दिसते, अन् तीस-चाळीस पानांच्या बालपुस्तकाला पाठ नसतेच, नुसती पिन. पोराला काय दिसणार? भिंतीला पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर दोन सुतळ्या आडव्या बांधा अन् पुस्तकं मधून उघडून कपडे वाळत घालतो तशी टाका, मुखपृष्ठ समोर येईल असं. एका वेळी वीस-पंचवीसच, पंधरा दिवसांनी बदला. नोंदीची वही तुम्ही नका ठेवू, चौथीच्या पोरीला द्या, ती तुमच्याहून कडक निघते. "कोणी नेलं, कधी आणलं" दोन रकाने बस झाले. जास्तीचे रकाने काढले की ते आणखी एक रजिस्टर होते, अन् आपल्याकडं काय रजिस्टरं कमी आहेत.

फाटण्याचं म्हणाल तर आमचे गुरुजी शनिवारी सकाळी पुस्तकांचा दवाखाना भरवायचे. कणकेची खळ शिजवायची, पातळ, गाठी न होऊ देता, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे झुरळं अन् कसर लागत नाही. मोरचुदाला मात्र गुरुजी स्वतः हात लावायचे, पोरांना नाही, ते विषारी, अन् खळ लावून झाली की सगळ्यांनी राखेनं हात धुवायचे. जुन्या वहीच्या कोऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापायच्या, फाटलेल्या पानाच्या मागून एक पट्टी, दाबून, वर पाटी ठेवून सुकवायचं. दोन पोरं एका पानाला. आता तुम्ही सरळ फेविकॉल घ्या, मोरचुदाची भानगड नको. पण हे काम पोरांकडूनच करवा. ज्या पोरानं एकदा पान चिकटवलं ते दुसऱ्या कोणी पुस्तक फाडलं तर त्याच्या अंगावर धावून जाते. अन् खरं सांगू का, माझं कितीतरी वाचन हे पट्टी लावता लावता झालं, कारण पट्टी नेमकी गोष्टीच्या मधल्या पानाला असायची.

आता पुस्तक कोणतं. इथं थोडं कडू बोलतो. शाळेला ग्रंथालय अनुदान येते, प्राथमिकला सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला पाच हजारांपर्यंतची तरतूद आहे, अन् त्यातून काय येते तर गठ्ठा. कोणीतरी सप्लायर सेट घेऊन येतो, थोर पुरुषांची चरित्रं, बारीक टाइप, चित्र एकही नाही, वर एक बोधवाक्य. थोर पुरुषांबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण दुसरीच्या पोराला तो टाइप दाखवणं म्हणजे त्याला वाचनातून उठवून लावणं आहे. खरेदी तुमच्या हातात असेल तर गठ्ठा नका घेऊ, एकेक पुस्तक उघडून पहा. पहिली-दुसरीला पानावर एक-दोन ओळी अन् मोठं चित्र. तिसरी-चौथीला चार-पाच ओळी. नॅशनल बुक ट्रस्टची अन् प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तकं स्वस्त पडतात, पाच हजारांत शंभराच्या आसपास बसतात. पैसा नसेलच तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट २०१५ पासून फुकट आहे, त्यावर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, उतरवून प्रिंट काढायलाही मनाई नाही. 'किशोर'चे जुने अंकही त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. शाळेत टीव्ही असेल तर एखादं पान मोठं करून सगळ्यांनी मिळून वाचा, पण हातात घ्यायला कागदच पाहिजे, घरी टीव्ही नेता येत नाही.

कोणत्या पोराला कोणतं, हे मात्र यादीतून कळत नाही, पोराकडं पहावं लागते. तुमच्या मॅडमचं खरं कसब तेच असणार. आमच्या वर्गात एक पोट्टा होता, सदा ढोरांमागं, शाळेत आठवड्यातून तीन दिवस. त्याला गुरुजींनी गोष्टीचं पुस्तक दिलंच नाही, पशुसंवर्धनवाल्यांची एक माहितीपत्रिका होती, बैलाच्या रोगांची, ती दिली. "वाच अन् मले सांग, आमच्या गोऱ्ह्याले का झालं असन?" त्यानं ती दोन आठवडे खिशात बाळगली, घामानं पार चोळामोळा. पण तो वाचायला शिकला तो तिथं. मला मात्र जाड पुस्तकाची धास्ती होती, हे त्यांनी कधी ओळखलं कोणास ठाऊक, मला वर्षभर बारकीबारकी पुस्तकंच मिळाली, संपवायचा आनंद लागला पाहिजे म्हणून. तुम्हीही तीस पोरांची एक वही करा, नावापुढं एवढंच लिहा की हे पोरगं सुट्टीत काय बोलते. क्रिकेट, भूत, ट्रॅक्टर, मेकअप, काहीही. पुस्तक त्यावरून.

अन् पुस्तक परत आणलं की परीक्षा घेऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. "काय बोध घेतला?" "पाच ओळीत सारांश लिही." संपलं, पुढचं पुस्तक ते पोरगं नेतच नाही, कारण पुस्तक म्हणजे आणखी एक गृहपाठ झाला. गुरुजी फक्त म्हणायचे, "कुठवर आली?" अन् आपण सांगितलं की म्हणायचे, "अरे बाप्पा, मग तो वाचला का मेला?" त्यांना ठाऊक असायचंच, पण आपण सांगायचं. त्या दोन मिनिटांत त्यांना सगळं कळायचं, कोणी वाचलं, कोणी नुसतं मिरवलं. नुसतं मिरवणाऱ्यालाही काही म्हणायचे नाहीत. पुस्तक घेऊन गावातून फिरला तरी चाललं, फिरता फिरता उघडेलच कधीतरी.

आता ज्यांना मुळात वाचताच येत नाही त्यांचं. हे लपवण्यात अर्थ नाही अन् हे फक्त तुमच्याच शाळेत नाही. पोरांना वाचता येते का हे तपासणाऱ्या 'असर' नावाच्या पाहणीत देशभरातल्या खेड्यांत पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी २०२२ मध्ये ४२.८ टक्के होती, २०२४ मध्ये ४८.८ टक्के. म्हणजे पाचवीत गेलेली निम्म्याहून जास्त पोरं अजून दुसरीचंच वाचताना अडतात. अशा पोराला गोष्टीचं पुस्तक देऊन "वाच, मजा येईल" म्हटलं तर त्याला काय मजा येणार. ते एकेक अक्षर फोडून वाचते, घ, रा, त, अन् वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्याला अर्थ लागत नाही म्हणून गोडी नाही, गोडी नाही म्हणून सराव नाही, सराव नाही म्हणून वेग नाही.

हे तोडायला मी एक गोष्ट करायचो, जी कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवली नव्हती. पोरांना जे तोंडपाठ आहे तेच वाचायला द्यायचं. आपल्याकडं काय कमी आहे? पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला बैलांपुढं म्हणतात ती यमकं, प्रत्येक पोट्ट्याला येतात. भुलाबाईची गाणी पोरींना दहा-दहा पाठ असतात. पोळ्याच्या आधी आठवडाभर एक झडती मोठ्या अक्षरात चार्टपेपरवर लिहून भिंतीला लावा. पोरगं ती म्हणत जाते अन् बोट फिरवत जाते, तोंडातला शब्द अन् बोटाखालचा शब्द जुळतो. जुळला नाही तर त्याचं त्यालाच कळते, कारण बोट ओळीच्या मध्येच अन् झडती संपून गेली असते. मग ओळींच्या पट्ट्या कापा, उलटसुलट करा, परत जुळवायला लावा. मग शब्द कापा. दुसऱ्या दिवशीच्या, पोरांच्या तान्ह्या पोळ्यापर्यंत अर्धा वर्ग वाचत असतो, बाकी तसे वाचत नसलेले का असेना पण त्यांना असं वाटत असते की आपल्याला वाचता येते, अन् या वयात ते वाटणं फार कामाचं आहे. कोजागिरीपर्यंत भुलाबाई आहेच. हे सगळं इयत्तेवर नका करू, चौथीचं पोरगं दुसरीच्या पातळीला असेल तर त्याला त्या गटात बसवा, फक्त त्याला कमीपणा वाटणार नाही असं. मी अशा मोठ्या पोरांना पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायचं काम द्यायचो. सोपं पुस्तक वाचायला त्याला कारणही मिळालं अन् मानही.

वर्गापुढं उभं करून मोठ्यानं वाचायला लावणं, अन् चुकलं की बाकीच्यांनी हसणं, हे मात्र पूर्ण बंद करा. वाचनाची जी काही भीती मी पाहिली ती सगळी तिथून आलेली आहे.

कोलाम अन् बंजारा पोरांचं वेगळं थोडं सांगतो. त्यांच्यासाठी आपली पुस्तकी मराठी ही दुसरी नाही, तिसरी भाषा असते. घरी कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी, गावात वऱ्हाडी, अन् पुस्तकात तिसरंच काहीतरी. पोरगं चित्र पाहून पुस्तक ठेवून देते असं तुम्ही लिहिलं, त्यातल्या निम्म्यांचं कारण हेच असेल. वाचून दाखवाल ते पुस्तकातल्या भाषेत दाखवा, पण गप्पा ज्या भाषेत होतील त्या होऊ द्या. "का झालं मंग?" असं तुम्ही विचारलं तरी मराठी काही बाटत नाही. अन् एखाद्या दिवशी कोलामांच्या पोडावरच्या किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या एखाद्या आजीला शाळेत बोलवा, तिच्या भाषेतली गोष्ट सांगू द्या. मोठ्या पोरांना ती मराठीत सांगायला लावा, ते सांगतील तसं तुम्ही लिहा, पोरं चित्रं काढतील, पाठकोऱ्या कागदांना मधून शिवण घालून पुस्तक करा. वर त्या आजीचं नाव. ते पुस्तक सुतळीवर दोन दिवस टिकत नाही, इतकं फिरते. छापलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त.

पालकांचा विरोध म्हणता तो विरोध नाही. ज्याला दिवसभर निंदणाला जायचं आहे त्याला गोष्टीच्या पुस्तकाचा उपयोग दिसला पाहिजे इतकंच. दोन उपयोग त्यांना लगेच पटतात. एक, नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा. तिच्यात भाषेचे उतारे असतात अन् उतारा हा गोष्टी वाचणारं पोरगंच पटकन वाचते, हे साफ सांगा. दुसरा उपयोग फवारणीचा. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असते, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, अन् बाजूला बारीक अक्षरात काय करावं काय नाही ते. २०१७ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, ते गावागावात लोक विसरलेले नाहीत. चौथीच्या पोरांना त्या लेबलवरचा मजकूर फळ्यावर मोठा लिहून वाचायला शिकवा (डबा वर्गात आणायचा नाही, त्याला हात लावायचा नाही, फोटो काढून आणा), अन् घरी जाऊन बापाला सांगायला लावा. त्यानंतर "फालतू पुस्तकं कायले देता" असं म्हणायला कोणी आलं नाही माझ्याकडं. बियाण्याची पिशवी, विजेचं बिल, एसटीची पाटी, वाचायला सगळं चालते.

कापूस वेचणी लागली की हजेरी पडेल, ती तुम्ही थांबवू शकणार नाही, दिवाळीच्या आगेमागे मोठी पोरं घरी लहानग्यांना सांभाळतात किंवा शेतात असतात. रागावून उपयोग नाही. त्या पोरांबरोबर दोन-तीन पुस्तकं द्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, अन् सांगा की लहान भावाला वाचून दाखवजो. काही पुस्तकं परत येतील काही नाही. त्यासाठीच तर ठराव केला.

मोबाइलबद्दल मला फार बोलायचं नाही. मोबाइल वाईट म्हणून पोरांना पुस्तक द्याल तर हरणार, ती स्पर्धाच नको. वाचून दाखवायची सवय लागलेल्या पोराला दोन्ही चालतात.

एक राहिलं. पंधरा ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीला आपण २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन करतो, चांगली गोष्ट आहे, पण तुम्ही पहालच की त्या दिवशी दहा वाजता पुस्तकं निघतात, साडेदहाला फोटो निघतो, अकराला वर माहिती पाठवायची लिंक भरली जाते अन् सव्वाअकराला पुस्तकं परत कपाटात. एका शाळेचा फोटो मी पाहिला होता, पुढच्या रांगेतल्या पोराच्या हातात पुस्तक उलटं. पोरगं मात्र इतकं मन लावून पाहत होतं की काय सांगू. तुम्हीही फोटो काढा, लिंक भरा, नाहीतर वरून फोन येतो. फक्त नंतर पुस्तकं सुतळीवर तशीच राहू द्या.

तीसपैकी तीस वाचतील ही अपेक्षा आताच सोडा. काही पोरं वर्षभर चित्रंच पाहतील, काही फक्त पेपरातला क्रिकेटचा स्कोअर वाचतील, एक-दोघं मात्र असे निघतील की तुम्हाला पुस्तकं पुरवता पुरवता नाकी नऊ येतील. त्यांच्यासाठी गावात किंवा शेजारच्या गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाचं, सार्वजनिक वाचनालय आहे का ते आत्ताच पाहून ठेवा, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अशी वाचनालयं खेड्यापाड्यांत निघालेली आहेत, बऱ्याचदा ते कोणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत असते अन् चावी त्याच्याकडंच. त्यांच्याशी बोलून शाळेच्या नावानं खातं उघडता आलं तर बघा.

सुरुवात अशी करा, या शनिवारी कपाट उघडून सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडा, पोरांसकट तीन ढीग करा, पहिली-दुसरीचं, तिसरी-चौथीचं अन् आपल्या कामाचं नाही ते. पहिल्या दोन ढिगांची यादी मला कळवा, त्यातलं वाचून दाखवायला पहिल्या महिन्यात कोणतं घ्यायचं ते सांगतो. अन् समितीची मिटिंग कधी आहे तेही सांगा, ठरावाचा मसुदा लिहून देतो.